निम्मा डांबरी, निम्मा कच्चा

“आधी रस्ता सांगा, मग टायर दाखवतो,” दुकानदार म्हणाला. “डांबरी किती, कच्चा किती?”

सुनेने सासूकडे पाहिलं नाही. भिंतीवर टांगलेल्या टायरांकडे बघत म्हणाली, “निम्मा निम्मा.”

सासू स्टुलावर बसून होती. सुनेची नवी नोकरी डोंगरावरच्या दवाखान्यात, राहणंही तिथेच. घरापासून दवाखान्यापर्यंत डांबर. तिथून पुढे रोजचं वस्त्या-वस्त्यांवर फिरणं, सगळं दगडगोट्यांतून. म्हणजे हिशेब सरळ होता. जितकं घरी येणं, तितकंच डांबर. दर शनिवारी येईन, असं सून म्हणाली होती. सासूने ते हवामानाच्या बातमीसारखं ऐकून घेतलं होतं.

“मग हे न्या.” दुकानदाराने मधल्या फळीवरचा टायर उतरवला. “इकडेही चालतो, तिकडेही. आवाज नाही, पेट्रोल कमी खातो. दगडधोंड्यांतले खरे ऑल-टेरेन ते पलीकडचे, जाड खाचांचे. पण एवढ्याशा गाडीला ते म्हणजे लहान पायांत मोठे बूट. काय मावशी?”

“मावशी असेल तुझ्या घरी. मी गिऱ्हाईक आहे.”

दुकानदार हसला. एरवी सुनेनेही तोंड फिरवून हसून घेतलं असतं. आज तिने तोंडच फिरवलं नाही.

फिटर गाडी आत घ्यायला गेला. दार उघडून बसला, तर त्याचे पाय क्लचला पोचेनात. गाडी सासूच्या मुलाची, सुनेच्या नवऱ्याची. मुलगा लांब ढांगांचा होता. तो तापात गेला, पण सीट त्याने सरकवली होती तिथेच मागे राहिली. सून पाठीशी उशी घेऊन, टोकावर बसून चालवायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, सवय झालीय. फिटरने उशी मागच्या सीटवर भिरकावली, खालचा दांडा ओढला आणि सीट कडकन पुढे आणली.

त्याला काय ठाऊक.

दोघींनी पाहिलं. सुनेचा हात जरा वर गेला आणि परत पर्सवर येऊन बसला. गाडी आत गेली. जॅकवर चढली. सुटलेलं एक चाक थोडं फिरलं आणि थांबलं.

“पार गोटा झालेत की टायर,” फिटर म्हणाला. “आलात कशा यावर?”

“आलो,” सासू म्हणाली.

मग ती उठली आणि पलीकडच्या जाड टायरांपाशी गेली. खाचेत बोट घातलं. अख्खं पेर आत गेलं. नव्या रबरावर बारीक केसांसारखे काटे होते. त्यातला एक तिने उपटला आणि बोटांत चोळत राहिली.

“हे चढव.”

“आई, निम्मा रस्ता तर...”

“कच्चाच आहे सगळा. मला शिकवू नकोस. शनिवार बघून माणसं आजारी पडायची थांबतात का? महिन्यातून एखादवेळ डांबर लागेल तुला, तेही लागलं तर. तेवढ्यासाठी रोज दगडांत गुळगुळीत चाकं घेऊन फिरणार?”

सून जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडे बघत राहिली. नाही, मी येईन, असं ती म्हणाली नाही. सासूने थोडी वाट पाहिली. मग पाहिली नाही.

“गिऱ्हाईक, नीट ऐका हं,” दुकानदार म्हणाला. “हे टायर डांबरावर फार घोंघावतात. गल्लीत शिरलात की चार घरांना कळतं. नंतर म्हणाल, आधी सांगितलं नाही.”

“चार घरांशी काय करायचंय? माझ्या घरात ऐकू येईल?”

“आत बसून? वळणावरूनच येईल.”

“दार लावलेलं असलं तरी?”

“तरी.”

“मग चढव म्हटलं ना.”

फिटर पाना घेऊन खाली बसला. सासू परत स्टुलापाशी आली. सुनेने गाडीच्या मागच्या सीटवरची उशी काढली, झटकली, आणि स्टुलावर ठेवली.

सासूने ती उचलली आणि मांडीवर घेऊन लाकडावरच बसली.