ऐकणाऱ्याचं वय

"हत्ती गेला आणि शेपूट राहिलं," बहीण म्हणाली. "दादा, लिही की आता."

कोशकाराने पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. खाली बाकावर छापखान्याचा माणूस ताटकळत बसला होता. इंग्रजी-मराठी कोशाचा शेवटचा खंड त्याला आज न्यायचाच होता, नाहीतर छपाई पुढच्या वर्षावर जाणार होती. ‘वेट’ हे एवढंसं क्रियापद तेवढं राहिलं होतं. अर्थ लिहून झाले होते: थांबणे, वाट पाहणे, तिष्ठत राहणे. मूळही सापडलं होतं. हा शब्द आधी पहारेकऱ्यांचा, डोळ्यांत तेल घालून राखण करणे हा त्याचा जुना अर्थ. अडलं होतं ते उदाहरणाच्या वाक्यावर.

वाक्य मनाने रचायचं नाही, असा या कोशाचा नियम होता आणि तो कोशकारानेच घातला होता. कोणीतरी कोणालातरी ते खरोखर बोललेलं असायला हवं. म्हणून प्रत्येक कार्डावर वाक्याखाली रकाने असत: बोलणारा, त्याचं वय, ऐकणारा, त्याचं वय, ठिकाण, तारीख. या हट्टापायी कोशाला तीस वर्षं लागली. बहीण ती कार्डं टाइप करायची, खणांत लावायची आणि फावल्या वेळात भावाला टोमणे मारायची. ‘सी’ अक्षराचा खण नीट बंद होत नाही, यावरूनही मारायची. तो खंड छापून वीस वर्षं झाली होती, तरी खण आपला फुगलेलाच.

"अख्ख्या जन्मात तुझ्यासमोर कोणी कोणाला थांब म्हटलं नाही का?" ती म्हणाली. "हट्टीपणात तू आणि बारक्या एका माळेचे मणी."

बारक्या त्यांचा धाकटा भाऊ. पन्नास वर्षांपूर्वी कोरड्या कालव्याला एकाएकी पाणी सुटलं आणि सहा वर्षांचा बारक्या त्यात गेला. कालव्याचा चौकीदार काठावरून घसा फोडून ओरडत होता, "ये, पळ, वर ये." पोरगं जागचं हललं नाही. "हट्टी होता गं माझा बारक्या," असं आई मरेपर्यंत म्हणत राहिली. घरात सगळ्यांनी तेच धरून ठेवलं होतं.

कोशकाराने कोरं कार्ड पुढे ओढलं. फार वेळ लागला नाही. लिहून झाल्यावर त्याने ते बहिणीकडे सरकवलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

‘वेट.’ बोलणारा: मी, वय अकरा. ऐकणारा: बारक्या, वय सहा. ठिकाण: कालवा. खालची तारीख तिला पाठ होती.

"शाळेत इंग्रजी नुकतं सुरू झालं होतं," तो म्हणाला. "आमचा खेळ होता. मी ‘वेट’ म्हटलं की त्याने पुतळा व्हायचं. मी ‘कम’ म्हणेपर्यंत हलायचं नाही. दुसऱ्या कोणी कितीही बोलावलं तरी नाही. त्या दिवशी त्याला कालव्यात उभं केलं आणि मित्राच्या नव्या सायकलवर चक्कर मारायला गेलो. विसरलो गं मी त्याला."

बहिणीला भावाचा राग आला. मग आईचं वाईट वाटलं, बिचारी भलत्याच गोष्टीसाठी पोराला बोल लावत गेली. बारक्या हट्टी नव्हता. तो सांगितलेलं ऐकणारा मुलगा होता.

कार्ड हातात घेऊन ती उठली, आणि ‘सी’चा अर्धवट उघडा खण नेहमीसारखा तिच्या कमरेला लागला. या वेळी तिने तो पुरता बाहेर ओढला. ‘कम’च्या कार्डांमागे सुतळीने बांधलेला एक गठ्ठा होता. तिने कधी टाइप न केलेला, भावाच्या अक्षरातला. तिने गाठ सोडली. प्रत्येक कार्डावर ‘कम’ एवढा एकच शब्द होता. ठिकाण सगळीकडे कालवा. दिवस आणि महिना तोच, साल तेवढं वेगळं.

बोलणारा: मी, वय एकतीस. मी, वय बत्तीस. मी, वय तेहेतीस. ती उलटत गेली. शेवटचं कार्ड गेल्या महिन्यातलं होतं, त्यावर वय एकसष्ट.

ऐकणारा प्रत्येक कार्डावर बारक्याच होता, वय सहा.