दहाव्याची सिगारेट

नामाच्या पिंडाला कावळा काही शिवेना.

ऐरोलीच्या खाडीकाठी पान मांडून पाऊण तास झाला होता. कावळे होते, चांगले सहा-सात, पण कठड्यावर बसून नुसते बघत होते. पोरांना सांभाळू म्हणून झालं, जमिनीची भांडणं मिटवू म्हणून झालं. आवडीचा बोंबीलही ठेवून झाला.

"शिगरेट ठेवा त्याची," नामाचा थोरला भाऊ हौसेराव म्हणाला. "त्याबिगर तो हलाचा नाय."

मागे प्रसाद उभा होता आणि त्याच्या शेजारी ऋता मॅडम. सिगारेट सोडवण्याचा त्यांचा गट दर रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये भरायचा. गोल करून बसायचं, किती दिवस झाले ते सांगायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. नामा आणि प्रसादने एकाच दिवशी नाव घातलं होतं, म्हणून मॅडमनी त्यांची जोडी लावली. तलफ आली की एकाने दुसऱ्याला फोन करायचा.

प्रसादची खरंच सुटली. नामाची नाही. हॉलमधून बाहेर पडला की तो कोपऱ्यावरच पेटवायचा आणि प्रसादला डोळा मारायचा. मित्राची चहाडी कशाला करा, म्हणून प्रसाद गप्प राहिला. वर पुढच्या रविवारी नामासाठी टाळ्या प्रसादच्याच सगळ्यांत मोठ्या. नामा हार्ट अटॅकने गेला, तेव्हापासून प्रसादला धड झोप नव्हती.

नामाची बायको वैशाली मागे वळली. "भावजी, सोडली होती ना त्यांनी?"

गेलेल्या माणसाची लाज चारचौघांत काय काढायची.

"एकशे बारा दिवस, वहिनी," प्रसाद म्हणाला. जीभ जराही अडखळली नाही.

वैशालीने पर्समधून पाकीट काढलं. आत चार उरल्या होत्या. "स्कूटरच्या डिकीत मिळालं. वाटलं, तुमी तरी खरं बोलाल."

एक काढून तिने दिराकडे धरली. हौसेरावने हात मागे घेतला. "मना नाय जमाचा. जल्मात ओढली नाय. आन ओढल्याबिगर पेटत नाय ती."

"मग तुमी पेटवा, भावजी. टाळ्या तुमीच वाजवल्या ना."

"यांना नको," ऋता मॅडम घाईने म्हणाल्या. "यांचे एकशे बावीस दिवस झालेत."

कोणी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

प्रसादने सिगारेट ओठांत धरली. हौसेरावने काडी पेटवली, ओंजळीने वारा अडवला. प्रसादने आत ओढलं. धूर छातीत उतरला आणि दहा दिवसांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच त्याला भीती वाटली.

"ठेवा आता," वैशाली म्हणाली.

एक कावळा कठड्यावरून उतरला आणि पिंडापासून दोन हातांवर येऊन थांबला.

प्रसादने डोळे मिटून दुसरा झुरका घेतला.