सात नंबरच्या टाकीचं माप

“पोट आत ओढू नका. फीत फसेल, रिंग नाही फसायची,” बायको म्हणाली.

टाकीवाल्याने श्वास सोडला. पोटही सुटलं. मागच्या वर्षापेक्षा चार बोटं जास्त भरलं.

कारखान्याची सात नंबरची टाकी वर्षातून एकदा आत उतरून खरवडावी लागे. टाकी तीन मजली आणि तिचं तोंड ट्रकच्या स्टिअरिंगएवढं. त्याच मापाची लोखंडी रिंग फोरमनच्या खोलीबाहेर टांगलेली असे. साफसफाईच्या शटडाऊनच्या आधी टाकीवाल्याने तिच्यातून पार व्हायचं. पार झाला तर आणखी एक वर्ष टाकी. अडकला तर गेटवर खुर्ची, शिट्टी आणि तोच पगार. फक्त क्वार्टर सोडायचं. क्वार्टर टाकीवाल्याचं, गेटवाल्याचं नव्हे.

एकोणीस वर्षं तो पार होत आला होता. शेजारच्या क्वार्टरमधला सहा नंबरवालाही मागच्या वर्षी अगदी सहज पार झाला होता. त्याला बाहेर काढायला मात्र टाकी कापावी लागली. कारखान्याने नंतर तिथे फार सुंदर वेल्डिंग केलं. कुठे कापलं होतं ते आता सांगूनही पटत नाही.

परीक्षेला चार महिने होते. घरात दोन पक्ष पडले.

मुलगी पळण्याच्या पक्षाची. तिने बाबांसाठी बूट आणले आणि स्वतःसाठीही. मेव्हण्याची स्वतःची जिम होती, तेव्हा त्याचं मत विचारायची गरज नव्हती. तरी त्याने ते दिलं.

“दाजी, पळून चरबी जाते तसं मांसही जातं. वजनं उचला. आणि काट्यावर बघूच नका, फितीवर बघा.”

“मामा, तुझ्या जिममध्ये कोणी फिरकत नाही म्हणून बाबांना धरून नेतोस!”

“आणि तू त्यांचं चिपाड करून टाक!”

टाकीवाला दोन दिवस पळाला. तिसऱ्या दिवशी दुधाच्या गाडीत बसून परत आला. बायकोने शिलाई मशीन थांबवलं आणि निकाल दिला.

“वजनंच उचला. तुमच्या गुडघ्यांना पळणं झेपायचं नाही.”

त्या घरात वरचं कोर्ट नव्हतं. मुलगी आपली एकटीच पळत राहिली. चांगली सवय आहे, असं सगळे म्हणाले.

बायकोच्या अंगात मात्र उत्साह संचारला. उकडलेली अंडी, दूध, पुन्हा अंडी. दर रविवारी ती फीत घेऊन उभी राही. कंबर मोजली की आकडा शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा सांगे. मग छाती आणि खांदे मोजी. तो आकडा मनातच ठेवी.

“खांदे कशाला?”

“शर्ट उसवणार आहेत का ते बघायला नको?”

कंबर बोटाबोटाने उतरत गेली. चौथ्या महिन्यात दोन शर्ट उसवले. मेव्हणा खूश होता. जिमच्या दाराशी त्याने दाजींचा फोटो लावला.

परीक्षेला क्वार्टरमधली सगळी माणसं जमली. टाकीवाल्याने एक हात वर केला, दुसरा अंगाला चिकटवला आणि रिंगमध्ये शिरला. डोकं गेलं. मग खांदे अडकले. त्याने डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. चार महिने घासून घासून कमी केलेली कंबर मागे नुसतीच उभी होती. तिची पाळीच आली नाही.

“साहेब, पैलवानाला टाकीत कशाला पाठवता?” कोणीतरी ओरडलं. “टाकीच उचलून झटकायला सांगा!”

लोक हसले. ग्रीस लावून त्याला मागे ओढलं. फोरमनने रजिस्टरवर काट मारली.

“घर गेलं गं,” टाकीवाला बायकोला म्हणाला.

“जाऊ दे. जिमच्या वर दोन खोल्या आहेत. मागच्याच महिन्यात पंखे लावून घेतलेत.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. कधी नव्हे ती झोप पूर्ण झाल्यासारखी दिसत होती.

“म्हणजे तू मुद्दाम...”

“सहा नंबरवाल्याची बायको अजून दोन माणसांचा स्वयंपाक करते,” ती हळूच म्हणाली. “मला ते शिकायचं नव्हतं.”

फोरमन खाकरला. “घरातलं दुसरं कोणी उतरणार असेल, तर क्वार्टर राहतं. नियम आहे. मी काढलेला नाही.”

“माझा अर्ज आलाय ना, साहेब?” मागून आवाज आला. मुलगी पळायचे बूट काढत होती.

“तू घरी चल,” आई म्हणाली.

“कुठल्या घरी? आई, बाबांच्या खांद्यांना फीत लावायचीस, तेव्हा मी आंधळी होते का? ते अडकणार हे मला दोन महिन्यांपूर्वीच दिसलं. कोणालातरी बारीक व्हायलाच हवं होतं ना?”

“अगं, तुला माहीत नाही आत काय...”

“एकच वर्ष गं.”

आईने तिचा दंड धरला. बोटांना बोटं लागली. घरातली सगळी मापं घेताना हे एक राहून गेलं होतं.

मुलीने हात सोडवून घेतला, वर केला आणि आत शिरली.

रिंग तिला कुठेच लागली नाही.