भैरू हजर

योगिनीने नोंद पुन्हा उघडून पाहिली. भैरू आजही पहिल्या शिफ्टला हजर होता. चाकण रस्त्यावर ट्रकखाली सापडून भैरूला जाऊन मात्र महिना उलटला होता.

रावेतच्या खोलीत, भर दिवसा, तिच्या अंगावर काटा आला.

कॉलेजकडून मिळालेली ही छोटीशी एक्स्टर्नशिप. एका स्टार्टअपसाठी चाकणच्या कारखान्याचं हजेरीचं ॲप घरूनच करायचं. गेटवरच्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखला, की हजेरी लागायची आणि घरच्या फोनवर मेसेज जायचा, माणूस सुखरूप पोहोचला म्हणून. टीममधलं कुणी कुणाला भेटलेलं नव्हतं. ही चूक सापडली तर पक्की नोकरी मिळणार होती, आणि गावाकडे जाऊन लग्नाला उभं राहायची योगिनीची अजिबात तयारी नव्हती.

पण भीती वाटायची ती वाटायचीच. झोपताना ती लॅपटॉपचा कॅमेरा कागदाने झाकायला लागली.

तिचं काम तपासणाऱ्या रुपालीताई लातूरहून बोलायच्या, कॅमेरा कायम बंद ठेवून. एरवी बारीकसारीक चुकीवरून धारेवर धरणाऱ्या ताई भैरूचं नाव निघालं की मऊ व्हायच्या.

"राहू दे गं ते. दुसरं काही बघ."

योगिनी कसली ऐकते. ती सरळ चाकणला गेली, आणि गेटवर पोहोचताच तिला उत्तर मिळालं. कॅमेऱ्याच्या बरोबर समोर भैरूचा हार घातलेला फोटो टांगला होता.

"खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गेला तो," वॉचमन अजीजभाई म्हणाले. "दुसऱ्या दिवशी मशिनींची पूजा झाली, तेव्हाच पोरांनी फोटो लावला. काढा कसं म्हणू? आमच्यातलाच होता."

म्हणजे भूतबीत काही नव्हतं. योगिनीला हसू आलं आणि हायसंही वाटलं. फोटोला हात न लावता तिने ॲपमध्येच एक अट घातली, पापणी लवली तरच हजेरी. स्टार्टअपचे मालक मालोजीसरांनी कॉलवर सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली, नोकरीही पक्की केली. रुपालीताई तेवढ्या त्या कॉलवर नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैरू गैरहजर लागला. योगिनीने खुशीत चहा ठेवला, तेवढ्यात ताईंचा फोन आला.

"योगिनी, आमच्या आईला आज मेसेज आला नाही," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "रोज तो दाखवून वेळ मारून नेत होते मी. आता ती विचारतेय, भैरू आज कामावर का गेला नाही. काय सांगू तिला?"