सुटा दांडा

"बाई, दोष गाडीत नाही, तुमच्या पायात आहे," मी वैतागून म्हणालो.

नवरा वारल्यावर त्याची ती जुनी छोटी गाडी तिच्याकडे आली होती आणि आता सारखी माझ्या गॅरेजात यायची. तक्रार एकच, क्लच पूर्ण दाबूनही गिअर पडत नाही. माझ्या हाताला मात्र सगळे गिअर अलगद पडायचे.

"तुम्हाला पडतील हो," ती म्हणाली. "मला यांनी कधी गाडीला हात लावू दिला नाही."

इंजिन बंद करून मी तिला स्टिअरिंगवर बसवलं. बंद गाडीतही गिअर अडला, म्हणजे क्लचचा संबंधच नव्हता. मग मीही इरेला पेटलो. गाडीखाली शिरून गिअरच्या दांड्याला गिअरबॉक्सशी जोडणारी सळईच काढून आणली. दांडा हलवून पाहिला, तर हलणाऱ्या दातासारखा लुळा झाला होता.

"आता हलवा. लहान पोरही हलवेल."

तिने दांड्याच्या नॉबवर हात ठेवला. दांडा तसूभरही हलला नाही. ती दात-ओठ खाऊन ओढत होती, आणि सळई तर माझ्या हातात होती.

"राहू द्या, मोडेल. सोडा."

तिचा हात तिथेच.

"अहो, सोडा म्हणतोय ना!" मी खिडकीतून आत वाकून ओरडलो.

"मी केव्हाच सोडलाय," ती म्हणाली.

तिची बोटं खरंच सरळ, उघडी होती. तळहात नॉबवर चेपला गेला होता, आणि हाताच्या पाठीवर, शेजारच्या रिकाम्या सीटच्या बाजूने, चार खळगे हळूहळू खोल होत होते.