कोरडे ठिपके

उपटलेल्या हरभऱ्याची मुळं धुऊन ऋजुतानं पुन्हा पाहिली. हवेतला नत्र रोपाला मिळवून देणारी एकही गाठ त्यांच्यावर नव्हती.

"सर, आपण बियाण्याला लावलेले जिवाणू मेलेत का?"

सरांनी प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये वाढलेल्या जिवाणूंच्या ठिपक्याला सुई लावून उचलली. "जिवंत आहेत. पण सुईमागं चिकट तार सुटत नाही. अंगावरचं साखरेचं चिकट आवरण गेलंय. त्या साखरेवरूनच मूळ त्यांना ओळखतं, आत घेतं. पुढं वाढवायला कुठले ठिपके निवडायचीस?"

चिकट ठिपके प्लेटभर पसरायचे, एकमेकांत मिसळायचे. म्हणून दर वेळी ऋजुता कोरडे, सुटसुटीत तेवढेच उचलत आली होती. सर तिच्या टापटिपीचं कौतुकही करायचे.

"या जिवाणूंची पाकिटं पेरणीसाठी कुणाला दिली नाहीस ना?" सरांनी विचारलं.

दिली होती. मोठ्या हौसेनं आत्याला. ऋजुतानं घाईनं तिला फोन लावला.

"अगं, गुळाच्या पाण्यात कालवून सगळ्या बियाण्याला चोळलं," आत्या खुशीत म्हणाली. "काय छान चिकटलं म्हणून सांगू! पेरणीही उरकली. यंदा युरियाची गोणी आणलीच नाही बघ. म्हटलं, घरची भाची आहे."