शंकर नगरचा टॉवर

“फोन शंकर नगर में था, तो लड़का भी वहीं था. पुलिस तो यही बोलेगी, आंटी,” वकील सोनियानं तिसऱ्यांदा समजावलं.

शेवंता वैतागून गेली होती. गेल्या गुरुवारी संध्याकाळी शंकर नगरात मारामारीत कुणाचं तरी डोकं फुटलं. तिच्या मुलाचा, परागचा मोबाइल त्या वेळी तिथल्या टॉवरवर दिसला, तेवढ्यावर पोरगं कोठडीत बसलं. खरं तर तो तेव्हा तात्यापाऱ्यात, घरी, तोंड उघडं टाकून झोपला होता. आणि पोलिसांनी विचारलं की एकच पालुपद, फोन घरीच होता. आईनं घातलेली शपथ पाळत होता गाढव.

शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा गंगाधरराव मख्खपणे बसले होते. बोलायचं तेव्हा हा माणूस कधी बोलला नाही. एकदाच बोलला, थोरल्या लेकीनं, भावनानं आपल्या मनानं लग्न केलं तेव्हा. पोरीकडे जो जाईल त्यालाही या घराचं दार बंद, असं साऱ्या मोहल्ल्याला ऐकवून.

“मीच नेला होता त्याचा फोन,” शेवंता एकदम म्हणाली. “भावनाकडे, शंकर नगरात. नातीचे फोटू काढाले. माह्या डब्बा फोनात कुठं निघते? दर गुरुवारी जाऊन राहिली मी. आता काढा मले घराबाहेर, पन पोट्ट्याले आधी आणा!”



“फोटो में टाइम होगा, आंटी. पराग छूट जाएगा,” सोनिया म्हणाली. मग हातातला कागद बघून थबकली. पोलिसांनी घरातले सगळेच नंबर तपासले होते. “लेकिन अंकल, आपका फोन भी वहीं था. वो बाप-बेटा दोनों को लपेटेंगे. और ये तो हर गुरुवार का है. पहले इस नंबर से कॉल आता है, फिर आप वहाँ.”

शेवंतानं कागद ओढून घेतला. नंबर तिला तोंडपाठ होता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

“काहो, तुम्ही त भजनाले जाता ना गुरुवारी?”

गंगाधररावांनी घसा खाकरला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“तू तिचा जिना उतरली का,” ते म्हणाले, “पोट्टी मले फोन करते.”